अमोनिया

बंद पडलेल्या बर्फ कारखान्यात कॉलेज आलं
तेव्हा जागेबरोबर मीही त्यांना मिळालो.
गंगाराम भाटकर, ऑपरेटर, शिक्षण चौथी;
कागदावर आता 'प्रयोगशाळा परिचर'.
परिचर म्हणजे काय, हे पहिला पगार होईपर्यंत
मी कुणाला विचारलं नाही.

लाद्या सरकायच्या तिथे बाक लागले.
भिंतीतला गारवा मात्र गेला नाही.
एप्रिलातही मुली ओढण्या लपेटून बसतात
आणि लातूरचे गव्हाणे सर म्हणतात,
"कोकणात थंडी असते हे कुणी बोललं नव्हतं."
सर मासे खात नाहीत.
जेटीवरच्या खानावळीने त्यांच्यासाठी
पाटीवर खडूने वाढवलं: पिठलं मिळेल.
आमच्या बंदराचा विकास, मला विचाराल तर,
तिथून सुरू झाला.

उद्घाटनाचे साहेब वेगळंच सांगून गेले.
पाच वर्षांत कायापालट, म्हणाले,
आणि भरतीच्या आत गाडी काढायची म्हणून
चहा अर्धा टाकून उठले.
कायापालट अजून वाटेत असेल.
पण तरीची शेवटची फेरी सहाची आठ झाली.
चौदा वर्षांपूर्वी तोडलेली मुक्कामाची एसटी
पुन्हा पिंपळाखाली झोपू लागली.
मयेकर वहिनींनी जाळ्यांची खोली रिकामी करून
तीन पोरांना भाड्याने दिली;
त्यांच्या वह्यांना सुकटाचा वास येतो,
तपासताना गव्हाणे सर खिडकी उघडतात.

परवा पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं.
सरांनी नवसागर आणि चुना एकत्र तापवला,
म्हणाले, लांबून, हाताने वारा घेत हुंगा
आणि ओळखा.
सदतीस नाकं मुरडली.
मी मागे, बेसिनपाशी, नळ्या धूत होतो.
डोळे भरून आले.
सगळ्यांना वाटलं, वायूने.

सव्वीस वर्षं तो वास माझ्या बनियनमधे होता.
बायको म्हणायची, मासळीवाल्याशी लागलं असतं
तर निदान ओळखीचा वास आला असता घरात.
ज्या रात्री पाइप फुटला
ओला टॉवेल तोंडाला बांधून आम्ही दोघं आत गेलो,
मी आणि कलंदर सोलकर.
वाल्व त्याने फिरवला.
बाहेर मी आलो.

"अमोनिया," रुबिना सोलकर म्हणाली,
हजेरी क्रमांक एकोणतीस, कलंदरची नात.
बरोबर, सर म्हणाले, कसं ओळखलंस?
ती जरा थांबली.
"आमच्या घरात माहीत आहे, सर."

सुटल्यावर जर्नल घेऊन माझ्याकडे आली.
काका, मशीन नक्की चालायचं कसं?
तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं,
मालकानेसुद्धा नाही; त्याला फक्त लाद्या मोजायच्या असत.
मी सांगितलं:
वायू दाबला की तापतो.
पाण्याने निववला की त्याचंच पाणी होतं.
मोकळा सोडला की आजूबाजूची ऊब उचलतो
आणि पळतो.
मागे उरतो तो बर्फ.
इथली पोरं जातात ना, तसं, मी म्हणालो.
ती हसली. एवढं वाक्य सोडून बाकी लिहून घेतलं.

"आणि मग? पळून जातो कुठे?"
जाईल कुठे. पाइप असतो ना.
फिरून पुन्हा मशीनमधेच येतो.
गळती नसेल तर तोच वायू
वर्षानुवर्षं काम करतो, बाय.
नवा भरावा लागत नाही.

तिचं पेन थांबलं.
खिडकीबाहेर आठची तर भोंगा देत होती,
कुणीतरी जिन्यावरून धावत गेलं.
मग तिने पानभर आकृती काढली,
पाइप, टाकी, कॉम्प्रेसर, बाण,
आणि खाली बारीक अक्षरात:
माहिती, ग. भाटकर.

वाल्व तिने उलटा काढला होता.
मी खोडरबर मागितला.